सोफ्याचं कापड घेताना रंगाआधी धाग्याला विचारा, पाणी किती पितोस?

सोफ्याचं कापड घ्यायला आपण गांधीबागेच्या कापडबाजारात जातो, रंग पाहतो, हात फिरवून मऊ आहे का ते पाहतो, भाव पाडून मागतो आणि दुकानदाराचं "भाऊ, इंपोर्टेड आहे, काहीच होत नाही याले" ऐकून घरी येतो. पण त्या कापडाला नागपुरात राहायचं आहे ना. म्हणजे मे महिन्यात ४५ डिग्री आणि एकदम कोरडी हवा, त्याच खोलीत कूलर लावला की तासाभरात दमटपणा, आणि मग पावसाळाभर सगळंच ओलसर. म्हणून मी म्हणतो की पहिला प्रश्न रंगाचा नाही, धागा पाणी किती पितो हा आहे, बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच निघतात.

कापूस म्हणजे सेल्युलोज. त्याच्या लांबलचक रेणूंवर जागोजागी पाण्याला धरून ठेवणारे गट असतात, त्यामुळे हवेतली वाफ तो सहज ओढून घेतो. २० डिग्री आणि ६५ टक्के आर्द्रता या लॅबमधल्या ठरलेल्या हवेत सुती धागा आपल्या कोरड्या वजनाच्या ७-८ टक्के ओलावा धरून बसतो, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) ११ ते १३ टक्के, आणि पॉलिस्टर फक्त ०.४ टक्के.

आता हे बुडाखाली कसं जाणवतं ते पाहा. आपल्या कातडीचं तापमान ३३ ते ३५ डिग्री. खोली त्याच्या वर गेली की शरीर हवेत उष्णता सोडूच शकत नाही, उलट हवाच आपल्याला तापवते, आणि थंड व्हायला एकच रस्ता उरतो, घाम वाळणं. सुती कापड ती वाफ पिऊन घेतं आणि पुढे सोडतं. जाड विणीचं पॉलिस्टर स्वतः पीत नाही पण धाग्यांच्या फटींतून थोडीफार जाऊ देतं. रेक्झिन आणि लेदरेट (म्हणजे नकली चामडं) काहीच जाऊ देत नाही, म्हणून दुपारी उठताना पाठ चिकटते. शिवाय रेक्झिन गुळगुळीत असल्यामुळे कातडीला पूर्ण टेकतं आणि उष्णता भराभर आत येते, कापडाच्या धाग्यांमध्ये मात्र हवा अडकलेली असते, त्यामुळे दोन्ही तितकेच तापलेले असले तरी रेक्झिन जास्त चटका देतं. एसी दिवसभर चालत असेल तर हा परिच्छेद विसरा.

पाणी न पिण्याचा दुसरा परिणाम म्हणजे स्टॅटिक. ओलावा असला की घासण्यातून तयार झालेला विद्युतभार निघून जातो, कोरड्या पॉलिस्टरवर तो तसाच राहतो आणि धूळ ओढतो. पण हाच गुण पावसाळ्यात उपयोगी पडतो. बुरशीला सेल्युलोज खाता येतं, पॉलिस्टर खाता येत नाही, म्हणून भिंतीला चिकटवलेल्या सुती सोफ्याची मागची बाजू ऑगस्टमध्ये वास मारायला लागते. (पॉलिस्टरवर सांडलेलं दूध आणि साचलेला मळ बुरशी खातेच, तेव्हा फार खूश होऊ नका.) सोफा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, निम्मं काम होतं.

रेक्झिनबद्दल अजून थोडं, कारण "दोन वर्षांत पापुद्रे निघाले" ही तक्रार घरोघरी आहे. स्वस्त लेदरेटमध्ये विणलेल्या कापडावर पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा पातळ थर असतो. त्यातला जो एस्टर बंधांचा प्रकार आहे त्याचे बंध पाण्याच्या वाफेने तुटतात, तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तूट अजून वेगाने घडवतं. उष्णता वाढली की हे सगळं आणखी जोरात. म्हणजे उष्ण आणि दमट हे आपल्या जून-जुलैचं वर्णन आणि त्या थराचा मृत्यूचा मुहूर्त एकच आहे, कोणी बसो न बसो. पीव्हीसी प्लास्टिकचा थर असलेल्या रेक्झिनचं दुखणं वेगळं, त्याला मऊ ठेवणारं तेलासारखं रसायन हळूहळू बाहेर निघून जातं आणि ते कडक होऊन तडकतं.

आता तर्री. नागपूरच्या सोफ्याची खरी परीक्षा रविवारी सकाळी तर्री-पोह्याच्या प्लेटीने होते, कारण तर्रीत तेल आणि हळद दोन्ही आहे. पॉलिस्टर पाण्याला दूर ठेवतं पण तेलाशी त्याचं छान जमतं, म्हणून तेलाचा डाग त्यावर चिवट बसतो, डोक्याच्या जागेवरचा खोबरेल तेलाचा काळपट पट्टा पण त्यातलाच. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि साबण लावला की अल्कलीमुळे लाल होतं, तेव्हा घाबरू नका. मजा म्हणजे करक्युमिन प्रकाशात तुटतं, म्हणून धुवून ओल्या कव्हरला कडक ऊन दाखवलं की पिवळेपणा उडतो, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट आहे. पण त्यासाठी कव्हर निघायला पाहिजे! कारागिराला चेन लावायला सांगा, तो म्हणेल फिनिशिंग येत नाही, ऐकू नका.

उन्हाने डाग उडतो तसा रंगही उडतो. साधी काच अतिनील किरणांचा सगळ्यात तीव्र भाग अडवते, पण यूव्ही-ए हा त्यातला सौम्य भाग बराचसा आत येतो, आणि पश्चिमेच्या खिडकीजवळचा सोफा एका बाजूने फिका पडतो. रंगाचा पक्केपणा मोजायला निळ्या लोकरीच्या पट्ट्यांची १ ते ८ अशी पट्टी असते, ५ किंवा वर असलेलं बरं.

झिजेसाठी मार्टिनडेल टेस्ट असते. कापडाचा गोल तुकडा लोकरीच्या कापडावर सगळ्या दिशांनी घासत राहतात आणि धागे तुटेपर्यंत किती घासण्या झाल्या ते मोजतात. घरच्या रोजच्या सोफ्याला २०-२५ हजार पुरे, लाखाचा आकडा दाखवून जास्त पैसे मागितले तर हॉटेलच्या लॉबीसाठी ठेवा म्हणावं. शिवाय या आकड्यात ऊन, तेल, मांजरीची नखं काहीच येत नाही, आणि कापडावर धाग्यांचे बारीक गोळे येण्याची टेस्टही वेगळी असते. पॉलिस्टर-कॉटन मिक्समध्ये गोळे जास्त दिसतात कारण सुती कापडावरचे गोळे तुटून पडतात, पॉलिस्टरचा मजबूत धागा मात्र त्यांना धरून ठेवतो.

मग घ्यायचं काय? १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झालेल्या, कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था असलेल्या शहरात राहून मी कॉटनच घ्या म्हणेन असं वाटलं असेल, पण लहान पोरं आणि कुत्रा असलेल्या घरात उघड्या विणीचं पॉलिस्टरच बरं. कूलरवर राहणाऱ्या आणि दुपारी सोफ्यावर लवंडणाऱ्या माणसांच्या घरी जाड सुती कॅनव्हास, निघणाऱ्या कव्हरसकट, आणि शिवण्याआधी एकदा धुवून, नाहीतर पहिल्या धुण्यातच आटून चेन लागणार नाही. चमकणारं व्हिस्कोसचं वेल्वेट मी टाळतो, ओलं झालं की व्हिस्कोसची ताकद जवळपास निम्मी होते, कापसाची उलट वाढते.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तर नमुन्याचा तुकडा मागून घ्या, घरी उभा आणि आडवा असा एकेक धागा काढा, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटावर जाळा. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख आली तर कापूस (व्हिस्कोसही असाच जळतो, त्याला ओलं करून तोडून पाहा), आक्रसून वितळला आणि टणक काळी गोळी राहिली तर पॉलिस्टर. दोन्ही धागे तपासा, कारण पुष्कळदा एकीकडून कॉटन आणि दुसरीकडून पॉलिस्टर असतं. आणि घेताना एक-दीड मीटर त्याच लॉटमधलं जास्तीचं घेऊन ठेवा, पुढच्या लॉटची शेड जुळत नाही.