फिरता निधी वाटून घ्यायचा असतो का?

‘बचत गटाला मिळालेला फिरता निधी परत करायचा नसतो, म्हणून तो सदस्यांनी सारखा वाटून घ्यावा,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. हा समज होणे स्वाभाविक आहे, कारण त्याचा पहिला भाग खरा आहे: हा निधी अनुदान असल्याने गटाला तो शासनाला परत करावा लागत नाही. मात्र तो गटाच्या खात्यावर जमा होतो, कोणा एकीच्या नव्हे. सदस्य त्यातून कर्ज घेतात आणि ते गटालाच व्याजासह फेडतात, म्हणूनच तर त्याला ‘फिरता’ म्हणतात.

समजा, १५,००० रुपये दहा जणींनी वाटून घेतले, तर प्रत्येकीच्या हाती १,५०० येतील आणि विषय संपेल. तीच रक्कम गटात राहिली, तर एकीला शिलाई यंत्रासाठी ५,००० मिळतील, तिचे हप्ते सुरू होताच दुसरीच्या मागणीची सोय होईल, आणि शेकडा एक रुपया दराने येणारे महिन्याचे व्याजही गटाच्याच पेटीत पडेल.

खात्री करायची असल्यास गटाचे बँक पासबुक, बैठकीचे इतिवृत्त आणि कर्ज खतावणी शेजारी ठेवून पाहावीत. निधी जमा झाल्याची नोंद पासबुकात, कर्जाचा ठराव इतिवृत्तात आणि परतफेड खतावणीत सापडली पाहिजे. ही दप्तरे पाहण्याचा हक्क प्रत्येक सदस्याला आहे, केवळ अध्यक्ष-सचिवांना नव्हे.