सात, साडेसात आणि दहा : बीबीसी-आयटीव्ही चढाओढीची पार्श्वभूमी

1986 च्या नाताळच्या दिवशी बीबीसी वन या बीबीसीच्या मुख्य चॅनलवर 'ईस्टएंडर्स' या कौटुंबिक मालिकेचे दोन भाग लागले. दुसऱ्या भागात डेन वॉट्सने बायकोच्या, अँजीच्या हातात घटस्फोटाचे कागद दिले. त्या भागाच्या नावावर 3 कोटी 1 लाख 50 हजार प्रेक्षक लागले आणि ब्रिटनमधल्या मालिकांचा विक्रम म्हणून हा आकडा आजही सांगितला जातो. आकडा खरा आहे, पण तो एका रात्रीचा नाही. आठवड्याचे भाग रविवारी एकत्र करून पुन्हा दाखवत, त्या पुनःप्रक्षेपणाचे प्रेक्षकही त्यात मिळवलेले आहेत. तेव्हा बीबीसी आणि जाहिरातींवर चालणारं आयटीव्ही यांच्यातल्या चढाओढीचा कुठलाही आकडा वाचताना दोन गोष्टी आधी तपासाव्यात : मोजलं कोणी आणि कसं, आणि कार्यक्रम घड्याळात कुठे बसवला होता.

22 सप्टेंबर 1955 ला लंडनमध्ये आयटीव्ही सुरू झालं आणि बीबीसीची टीव्हीवरची मक्तेदारी संपली. जुन्या सेटवर आयटीव्ही दिसत नसे. त्याचा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा वेगळा, म्हणून नवा सेट घ्या, नाहीतर जुन्याला कन्व्हर्टर जोडा, शिवाय छपरावर वेगळी एरियल लावा. भांडणाचं मूळ इथे आहे. आयटीव्हीवाले फक्त दोन्ही चॅनल दिसणाऱ्या घरांतला आपला वाटा सांगत, बीबीसी देशभरातली माणसं मोजत असे. हिशेब दोघांचाही बरोबर, पण भागाकार वेगवेगळ्या संख्येने केलेला. तरीही 1957 च्या अखेरीस, दोन्ही चॅनल दिसणाऱ्या घरांत आपला वाटा तीस टक्क्यांच्या आसपास आलाय हे बीबीसीच्या स्वतःच्या पाहणीतही दिसत होतं.

मोजण्याच्या पद्धतीही वेगळ्या होत्या. आयटीव्हीला जाहिरातदारांना हिशेब द्यायचा होता, म्हणून त्यांच्या बाजूने घराघरांतल्या सेटला मीटर बसवले गेले. सेट कुठल्या चॅनलवर किती मिनिटं चालू होता हे मीटरला कळे. समोर कोणी बसलं आहे की खोली रिकामी आहे, हे कळत नसे. ती उणीव भरून काढायला घरच्यांकडून डायरी भरून घेत. बीबीसीची माणसं रोज लोकांना गाठून 'काल काय पाहिलंत?' असं विचारत. आठवणीवर विसंबलं की नावाजलेला कार्यक्रम न पाहताही पाहिल्याचं सांगितलं जातं आणि सहज लावलेला विसरला जातो. एकाच संध्याकाळचे दोन निकाल लागत आणि दोन्ही बाजू आपणच जिंकलो म्हणत. 1981 मध्ये दोघांनी मिळून प्रेक्षक मोजणारी 'बार्ब' ही संस्था उभी केली, तेव्हा कुठे आकडा एक झाला. पुढे काही वर्षांत बटणाचे मीटर आले : घरातल्या प्रत्येकाला एक बटण, टीव्हीसमोर बसताना दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. पाहुण्यांसाठी वेगळी बटणं. लोक दाबायला विसरतात, हा त्यातला कायमचा दोष. आणि बरीच वर्षं सुमारे पाच हजार घरांवरून देशाचा अंदाज बांधत, म्हणजे एकेका घरामागे साधारण पाच हजार घरं धरलेली असत. मोठ्या चॅनलला ते चालतं. छोट्या चॅनलचा आकडा दोन-चार घरांनी हलतो. आपल्याकडे टीआरपीवरून होणाऱ्या वादांतही नमुन्याचा हा प्रश्न असतोच.

आता घड्याळाकडे. सुरुवातीला संध्याकाळी सहा ते सात टीव्ही बंदच असे, मुलांना झोपवता यावं म्हणून. आयटीव्हीचा जाहिरातींचा एक तास त्यात बुडत होता, तर बीबीसीचा खर्च वाचत होता. फेब्रुवारी 1957 मध्ये ही बंदी उठली आणि पहिला धडा दोघांनाही मिळाला : संध्याकाळी ज्याने प्रेक्षक आधी धरला, त्याच्याकडे तो रात्रीपर्यंत राहण्याची शक्यता जास्त. रिमोट नव्हता, चॅनल बदलायला उठावं लागे.

हा धडा सर्वांत नेमकेपणाने वापरला मायकल ग्रेडने. 1984 मध्ये तो बीबीसी वनचा प्रमुख झाला. फेब्रुवारी 1985 मध्ये त्याने सातचा ठोका पाचही दिवस बांधून टाकला : सोमवार, बुधवार, शुक्रवार टेरी वोगनचा गप्पांचा कार्यक्रम, मंगळवार आणि गुरुवार नवीकोरी 'ईस्टएंडर्स'. आयटीव्हीची मालिका 'कोरोनेशन स्ट्रीट' सोमवारी आणि बुधवारी साडेसातला असे, म्हणून नवी मालिका तिच्या वाटेला गेलीच नाही. पहिल्या भागाला सुमारे 1 कोटी 70 लाख प्रेक्षक मिळाले, पण उन्हाळ्यात आकडा घसरला. सात वाजता समोर आयटीव्हीची 'एमरडेल फार्म' ही मालिका होती. सप्टेंबरमध्ये ग्रेडने मालिका फक्त अर्धा तास पुढे, साडेसातला नेली. लेखन, नट, सेट सगळं तेच. वर्ष संपायच्या आत 'ईस्टएंडर्स' पहिल्या क्रमांकावर होती. पुनःप्रक्षेपणाचे प्रेक्षक मिळवण्याचा फायदा पाहून 1989 मध्ये आयटीव्हीनेही 'कोरोनेशन स्ट्रीट'चे भाग शनिवार-रविवारी एकत्र दाखवायला सुरुवात केली.

आयटीव्हीला असा झटपट डाव टाकता येत नसे. ते एक चॅनल दिसलं तरी आतून प्रादेशिक कंपन्यांचा संघ होता. एकच मालिका यॉर्कशायरमध्ये एका वेळी, दुसऱ्या भागात दुसऱ्याच वेळी लागू शके. देशभराचं वेळापत्रक एका हाती आलं ते 1993 पासून, नेटवर्क सेंटर झाल्यावर.

पण तेच वेळापत्रक नंतर दहाच्या बातम्यांवर अडलं. आयटीव्हीचं दहाचं बातमीपत्र 'न्यूज अ‍ॅट टेन' 3 जुलै 1967 पासून चालू होतं. प्रौढांसाठीचं काही रात्री नऊच्या आधी दाखवायचं नाही हा दंडक, म्हणजे चित्रपट नऊला सुरू करायचा आणि दहाला बातम्यांसाठी मधेच तोडायचा. प्रेक्षक तिथेच गळत. मार्च 1999 मध्ये आयटीव्हीने दहाच्या बातम्या काढल्या आणि मला ती त्यांची सर्वांत महागडी चूक वाटते. तीस वर्षांची सवय एका चित्रपटासाठी मोडत नसतात. बातम्यांचे प्रेक्षक घटले आणि नियामकाने वेळ परत द्यायला लावली. बीबीसीने ही संधी अचूक साधली. 16 ऑक्टोबर 2000 ला तिने नऊच्या बातम्या दहाला नेल्या. 22 जानेवारी 2001 ला आयटीव्हीच्या बातम्या परतल्या तेव्हा बीबीसी तीन महिने त्या जागेवर बसलेली होती, आणि आयटीव्हीची वेळ काही दिवस दहा, काही दिवस त्यानंतर. 2004 मध्ये त्यांनी बातम्या साडेदहावर नेल्या. दहाचा ठोका 'न्यूज अ‍ॅट टेन'ला परत मिळाला तो 14 जानेवारी 2008 ला.