पत्रावळ घेताना खालची बाजू बघा

भंडारा असो, तेरवी असो की शेतातले रोडगे, पाचशे माणसांची पंगत उठली की घरामागच्या सांदवाडीत पाचशे पत्रावळी आणि हजारभर द्रोणांचा ढीग पडतो. बहुतेक खेड्यांत तो उचलायला कोणी येत नाही. रात्रीतून त्यात ढोरं तोंड घालतात आणि उरलेलं उकिरड्यावर जातं, नाहीतर पेटवलं जातं. म्हणून भाव विचारण्याआधी दोन गोष्टी विचारात घ्याव्यात: ही पत्रावळ गाईनं खाल्ली तर काय होईल, आणि उकिरड्यात पडली तर काय होईल?

थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून बंदी आहे. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकची ताटं, पेले आणि चमचे देशभर बंद झाले. त्यांची जागा चंदेरी कागदी पत्रावळीनं घेतली, आणि खरी फसगत इथेच होते. दिसायला ती कागदाची असते, पण रस्सा झिरपू नये म्हणून वर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. घेण्याआधी एक पत्रावळ फाडून तुकडा अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा. मग बोटानं चोळा. कागदाचा लगदा होऊन निघून जाईल आणि हातात ताणली जाणारी पातळ साल उरेल. उकिरड्यातल्या खताबरोबर हीच साल वावरात जाते आणि पुढची कित्येक वर्षं नांगराला लागत राहते.

पानाची म्हणून मिळणारी पत्रावळही उलटून बघायला हवी. यंत्रावर दाबलेल्या पत्रावळीत वर पळसाचं पान, खाली पुठ्ठा आणि मध्ये प्लास्टिक, असाही माल येतो. कोपरा नखानं सोलला की लगेच कळतं. दुसरी तपासणी पिनांची. हाताची पत्रावळ बांबूच्या किंवा कडुनिंबाच्या काड्यांनी टाचलेली असते आणि काड्या कुजतात. तारेच्या पिना मारलेला माल मात्र स्वस्त मिळाला तरी परत करा.

कारण जनावराच्या पोटात आहे. गाय-बैल घास नीट न चावता गिळतात. तर्रीचा वास लागलेलं प्लास्टिक कोठीपोटात जाऊन बसतं, पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. त्याचा गोळा वाढत जातो, रवंथ मंदावतो, पोट फुगतं आणि जनावर खंगतं. पिन, तार, खिळा पुढच्या जाळीपोटात अडकतात. जाळीपोट आणि हृदय यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. पोट आकुंचन पावताना टोकदार तार तो भेदून हृदयापर्यंत पोहोचू शकते. एका पंगतीच्या पिनांपायी ऐन पेरणीत बैलजोडी मोडू शकते.

‘कंपोस्टेबल’ छाप असलेल्या पारदर्शक पेल्यांवर भिस्त ठेवू नका. मक्यासारख्या धान्याच्या पिष्टापासून केलेलं पीएलए नावाचं हे प्लास्टिक नीट कुजायला साठ अंशांच्या आसपासची उष्णता बरेच दिवस टिकावी लागते. ती मोठ्या खत प्रकल्पात मिळते, गावच्या खड्ड्यात नाही. पाण्यासाठी गावातले स्टीलचे पेलेच भाड्यानं आणावेत. पेल्यामागे अर्धा लिटर पाणी धरलं तरी पाचशे पेल्यांना अडीचशे लिटर लागतं, म्हणजे दोन ड्रमांच्या आत काम होतं. पोफळीच्या विरीची, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या पानाच्या रुंद देठाची, ताटं चांगली, पण ती दुरून येतात. पळस तर आपल्या शेताच्या धुऱ्यावर उभा आहे!

मात्र पळसाचं वेळापत्रक लग्नसराईशी जुळत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पानं झाडून फुलतो, आणि नवी पालवी वैशाखात कोवळी असते. कोवळं पान सुकलं की गुंडाळतं. टिकाऊ, जून पान दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मिळतं. म्हणून उन्हाळ्यातल्या कार्याची मागणी पत्रावळी शिवणाऱ्या बायांकडे हिवाळ्यातच नोंदवावी आणि थोडी रक्कम आधी द्यावी. एका पत्रावळीला सात-आठ पानं लागतात, म्हणजे हे पोतंभर पानांचं आणि दिवसभर बसून करायचं काम आहे. भाव पाडू नका. पाचशे माणसांना साडेपाचशे पत्रावळी घ्या. वरण आणि भाजीला मिळून अकराशे द्रोण लागतात. द्रोण उजेडात धरून बघा, भोक असलेला बाजूला काढा.

साठवताना सगळ्यात मोठी चूक प्लास्टिकच्या पिशवीची. पानात थोडीही ओल राहिली की आठवड्यात पांढरी बुरशी येते. सावलीत पूर्ण सुकवून तागाच्या पोत्यात, जमिनीपासून उंचावर ठेवा. फार सुकलेली पत्रावळ वाढताना तडकते, त्यासाठी पंगतीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पाण्याचा हबका मारा आणि मग फडक्यानं पुसा.

पंगत उठल्यावर खरकटं वेगळं काढा. पत्रावळी गठ्ठ्यानं खड्ड्यात टाकू नका. एकात एक बसलेल्या पत्रावळींत पाणी शिरत नाही आणि चार महिन्यांनी त्या वहीच्या पानांसारख्या कोरड्या निघतात. फाडून वीतभर थर द्या, त्यावर शेणकाला शिंपडा, पुन्हा थर द्या. सुक्या पानात कर्ब भरपूर असतो आणि नत्र कमी, ते शेणातून मिळतं. वर माती टाकून ओल टिकवली, पंधरा दिवसांनी एकदा उलथलं, तर ज्येष्ठात टाकलेल्या पत्रावळीचं खत रब्बीच्या हरभऱ्याला मिळतं.