'त्या सिनेमाचं म्युझिक' म्हणजे नक्की कोणतं? गाणी की पार्श्वसंगीत?

मराठीत हा घोळ 'पार्श्व' या एका शब्दापासून सुरू होतो. पार्श्वगायक आणि पार्श्वसंगीत, दोन्हीकडे पार्श्व तेच, पण काम उलटं. पार्श्वगायक नटाच्या ओठांमागे उभा असतो, मात्र त्याचा आवाज पडद्यावर सगळ्यात पुढे असतो. तो गायला लागला की बाकी सगळे आवाज गप्प बसतात. पार्श्वसंगीत खरोखरच मागे असतं: संवादाच्या मागे, पावलांच्या मागे, कधी पंख्याच्या घरघरीच्याही मागे.

त्यात 'साउंडट्रॅक' या शब्दाची भर पडली. मिक्सिंगच्या खोलीत साउंडट्रॅक म्हणजे संवाद, इफेक्ट आणि संगीत धरून सिनेमाचा सगळा आवाज. कॅसेटच्या दुकानात मात्र साउंडट्रॅक मागितला की गाण्यांची कॅसेट हातात पडायची. इंग्रजी सिनेमांच्या अल्बमवर 'स्कोअर' लिहिलेलं असेल तर ते पार्श्वसंगीत. आपल्याकडे स्टुडिओत त्यालाच बीजीएम (बॅकग्राउंड म्युझिक) म्हणतात. परिणाम असा की अलका टॉकीजमधून डोळे पुसत बाहेर पडलेला माणूस घरी जाऊन अल्बम लावतो आणि त्यातली पाचही गाणी संपली तरी ज्याने डोळ्यांत पाणी आणलं ती धून येत नाही. ती अल्बममध्ये नसतेच. ती बीजीएममध्ये होती.

दोन्हींतला मुख्य फरक वाद्यांचा नाही, भावनेचाही नाही. कोण कोणाच्या मागे जातं, याचा आहे. गाणं साधारणपणे चित्रीकरणाच्या आधी तयार होतं. ते सेटवर वाजवतात, नट त्यावर ओठ हलवतात, नाच त्याच्या तालावर बसतो, संकलक त्याच्या मात्रांवर कट मारतो. म्हणजे चित्र गाण्याच्या मागे जातं. पार्श्वसंगीतात आधी चित्र पक्कं होतं आणि संगीत त्याच्या मागे जातं. मुखडा-अंतऱ्याची सोय तिथे नाही. बाई वळून दाराकडे बघते तो क्षण अकराव्या सेकंदाला असेल तर सूर अकराव्या सेकंदालाच बदलायला हवा. (प्रवासाच्या किंवा आठवणींच्या दृश्यांवर पसरलेली गाणी मधली जमात. ती बऱ्याचदा कट बघून लांबवली-आखडली जातात.)

म्हणून पार्श्वसंगीताचं काम पेटी उघडून सुरू होत नाही, स्पॉटिंगने सुरू होतं. दिग्दर्शक, संकलक आणि संगीतकार लॉक झालेला, म्हणजे पक्का ठरलेला, कट बघतात आणि प्रत्येक तुकडा, म्हणजे क्यू, कुठे सुरू व्हायचा, कुठे संपायचा हे ठरवतात. क्यूला नाव पडतं '३एम२', म्हणजे तिसऱ्या रिळातला दुसरा संगीताचा तुकडा. फिल्मची रिळं गेली, पण सिनेमा साधारण वीस-वीस मिनिटांच्या भागांत तोडायची पद्धत राहिली आहे. तिचा फायदा एकच, पण मोठा: लॉक झाल्यानंतरही कोणीतरी दोन सेकंद कापतंच, तेव्हा फक्त त्या रिळातले पुढचे क्यू सरकतात, अख्खा सिनेमा नाही.

पुढचा भाग गणिताचा. समजा ४७ सेकंदांचा क्यू आहे आणि ३१व्या सेकंदाला पत्र हातातून खाली पडतं. तिथे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, यायला हवी. संगीतकाराच्या डोक्यात लय आहे मिनिटाला ९० मात्रांची. ३१ सेकंदांत त्या लयीत साडेशेहेचाळीस मात्रा बसतात, म्हणजे पत्र दोन मात्रांच्या मधोमध पडणार. कान हे बरोबर पकडतो. काय खटकलं ते सांगता येत नाही, पण दृश्य 'लागत' नाही. लय ९२.९ केली की ३१ सेकंदांत बरोबर ४८ मात्रा होतात. आठ मात्रांच्या केरव्याची सहा आवर्तनं पूर्ण, सातव्याची सम पत्रावर. ९० आणि ९२.९ मधला फरक ऐकणाऱ्याला कळत नाही, सम चुकलेली कळते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असल्यामुळे १२० ची लय इथे सोयीची, कारण बरोबर बारा फ्रेमला एक मात्रा पडते. टीव्हीच्या २५ फ्रेममध्ये तीच मात्रा साडेबारा फ्रेमवर जाते.

प्रत्येक हालचालीवर सम आणली तर मात्र कार्टून होतं. चांगला पार्श्वसंगीतकार एका क्यूमध्ये एखादीच जागा गाठतो, बाकीच्या मुद्दाम सोडतो. अनुभवी लोक तर पत्र पडल्यावर अर्ध्या सेकंदाने सूर आणतात. आधी प्रेक्षकाला दिसू दे, मग ऐकू दे.

दुसरी नेहमीची चूक वाद्य निवडताना होते. संवाद समजण्यासाठी लागणारी व्यंजनं साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. व्हायोलिन, सारंगी आणि वरच्या सप्तकातली बासरी यांचीही चमक तिथेच असते. हळव्या संवादाखाली सारंगीचा आर्त आलाप घातला की दोघं एकाच दारातून आत शिरायला बघतात. मिक्सिंग करणारा मग संगीत दाबतो, आणि संगीतकार म्हणतो माझं काम मारलं. सारंगी एक सप्तक खाली आणणं, आलाप संवादांच्या मधल्या श्वासात बसवणं किंवा तिच्याऐवजी चेलोचा एकच लांब सूर धरणं हे खरे उपाय. गाण्यात हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे शब्द गायकाच्या तोंडी असतात आणि बाकी सगळी साथ त्यांच्याभोवती रचलेली असते.

ओळखायला सोपं वाटतं, पण एक फसवी जागा आहे. 'ऑर्केस्ट्रा ऐकू आला म्हणजे पार्श्वसंगीत' ही खूण चालत नाही. 'सैराट'च्या (२०१६) गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. व्हायोलिनच्या त्या लाटा गाण्यांच्या आहेत. उलट बाजूने, 'फँड्री'चं (२०१३) गाजलेलं शीर्षकगीत अजय-अतुल यांचं, पण पार्श्वसंगीत आलोकनंदा दासगुप्ता यांचं. श्रेयनामावलीत 'संगीत' आणि 'पार्श्वसंगीत' ही नावं वेगळी आहेत का हे बघायची सवय लावली तर निम्मा घोळ तिथेच मिटतो. राष्ट्रीय पुरस्कारांनीही हे उशिरा मान्य केलं: २००९च्या चित्रपटांपासून संगीत दिग्दर्शनाचा पुरस्कार गाण्यांसाठी वेगळा आणि पार्श्वसंगीतासाठी वेगळा झाला.

तिसराही एक गडी मध्ये लुडबुडतो: दृश्यातलंच संगीत. समजा सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोघं भांडतायत आणि बाहेरून मिरवणूक चालली आहे. ढोल-ताशा पात्रांनाही ऐकू येतो, त्यामुळे तो पार्श्वसंगीत नव्हे. खिडकी बंद असेल तर ताशाची तडतड कापून फक्त ढोलाचा घुमारा ठेवतात, कारण भिंत वरचे आवाज अडवते, खालचे सोडते. खिडकी उघडली की ताशा झणकन आत येतो. आता खिडकी परत लावली आणि ताशा तसाच राहिला, उलट चहूबाजूंनी वाढत गेला, तर त्या क्षणी तो ताशा मिरवणुकीचा राहिला नाही, भांडणाऱ्या पात्राच्या छातीतला झाला. दृश्यातलं संगीत पार्श्वसंगीत झालं. हा सांधा जिथे कळत नाही तिथे ध्वनीवाल्याला दाद द्यावी.

या बाबतीत पुण्याने फार आधी मजल मारली होती. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. १९३७ साली व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' केला तेव्हा वरून चिकटवलेलं पार्श्वसंगीत जवळजवळ टाळलं आणि ग्रामोफोनसारख्या दृश्यातल्याच आवाजांवर काम भागवलं. संगीत केशवराव भोळे यांचं होतं. प्रभातच्या स्टुडिओच्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि भास्कर चंदावरकरांनी तिथे वर्षानुवर्षं संगीत शिकवलं. तेव्हा पार्श्वसंगीत कुठे नको, हा धडा लॉ कॉलेज रोडला नवा नाही.

आता भावनेचं. गाणं आपल्याला हलवतं ते बऱ्याच अंशी सिनेमाबाहेर. ते रिक्षात वाजतं, लग्नात वाजतं, सहलीच्या बसमध्ये अंताक्षरीत येतं. त्याला शब्द आहेत, म्हणून ते तोंडात बसतं, आणि दहा वर्षांनी ऐकताना नायिका आठवत नाही, सहल आठवते. पार्श्वसंगीताला हे बाहेरचं आयुष्यच नाही. ते फक्त त्या दृश्याबरोबर ऐकलं जातं, म्हणून ते चित्राला डकवलेलं राहतं. ते वाजलं की चेहरा दिसतो.

आणि ही ओढ कमवावी लागते. धून पहिल्यांदा येते ती शांत, बिनमहत्त्वाच्या दृश्यात: आजी पोळ्या लाटतेय, नातू अभ्यासाचं सोंग करतोय, बासरीवर आठ सुरांची साधी ओळ. आपलं लक्षही नसतं. तासाभराने आजीची रिकामी खोली दिसते आणि त्या आठातले पहिले चारच सूर येतात, निम्म्या लयीत, दुसऱ्या वाद्यावर, आणि ओळ अर्ध्यातच थांबते. उरलेले चार सूर आपण मनात पूर्ण करतो. घसा दाटतो तो तिथे. नवखे संगीतकार धून पहिल्यांदाच रिकाम्या खोलीवर वाजवतात, तीही पूर्ण, वर वीस व्हायोलिनं. तिथे आठवायला काहीच नसतं, म्हणून प्रेक्षक कोरडा राहतो आणि संगीत 'रडकं' वाटतं.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) याहून धाडसी गोष्ट आहे. मुलगी दुर्गा गेल्याचं परतलेल्या वडिलांना कळतं तेव्हा आई हंबरडा फोडते, पण तिचा आवाज ऐकू येत नाही. त्या जागी रविशंकरांच्या संगीतातली तार-शहनाई पटदीप रागाच्या वरच्या सुरांत किंचाळते. तार-शहनाई म्हणजे इसराजला भोंगा जोडलेलं वाद्य, त्यामुळे आवाजात धातूची धार येते. माणसाचं रडणं आपण ओळखतो आणि सावरून बसतो. ही धार ओळखीची नसते, म्हणून सावरायला वेळ मिळत नाही. तिथे गाणं घातलं असतं तर शब्दांनी आपल्याला धीर दिला असता, आणि तेच नको होतं.

मालिकांची गोष्ट वेगळी. रोजच्या भागासाठी कोणीच कट बघून नवीन संगीत करू शकत नाही. संगीतकार सुरुवातीला एक साठा देतो: दुःख, ताण, प्रेम, खोडी, प्रत्येकाचे लांब-आखूड तुकडे. मग बीजीएम बसवणारा रोज रात्री त्यातून उचलून लावतो. एकाच वाक्यावर तीन चेहरे आणि तीनदा तोच 'ढॅण' येतो तो यामुळे, संगीतकाराच्या दुष्टपणामुळे नाही. पण मालिकेकडे सिनेमाजवळ नसलेलं एक हत्यार आहे, रोज वाजणारं शीर्षकगीत. शब्द गाण्यासारखे आणि पुनरावृत्ती पार्श्वसंगीतासारखी. १९९९च्या 'आभाळमाया'चं अशोक पत्कींनी बांधलेलं शीर्षकगीत आज ऐकलं तर कित्येकांना कथा आठवत नाही, संध्याकाळ आठवते. हुशार मंडळी पुढे त्याच चालीची एक ओळ बासरीला देऊन दृश्याखाली वापरतात. रोज मुरवलेली असल्यामुळे ती दोन सुरांतच काम करते.

आवडलेली धून शोधायची असेल तर आधी ती कोणत्या मिनिटाला येते ते लिहून ठेवा. मग ते दृश्य आवाज बंद करून बघा आणि पुन्हा डोळे मिटून ऐका. शब्द नसतील आणि संवादाखालून जात असेल तर गाण्यांच्या अल्बममध्ये शोधण्यात वेळ घालवू नका. पार्श्वसंगीतकाराच्या नावाने 'ओरिजिनल स्कोअर' किंवा 'बीजीएम' शोधा. अधिकृत मिळालं तर उत्तम. नुसतं सिनेमातून उचललेलं असेल तर संवाद आणि दाराची करकर त्यात येणारच. अधिकृत अल्बमही बसमध्ये इअरफोनवर ऐकताना फसवतो: पहिली दोन मिनिटं काहीच ऐकू येत नाही, मग एकदम कान फुटतात. गाणी एकसारख्या चढ्या पातळीवर बांधलेली असतात, स्पॉटिफायही ती उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास आणतं. स्कोअर शांत खोलीतल्या चढउतारासाठी केलेला असतो. तो रात्री ऐकावा.

आणि जुन्या टीव्हीवरून कॅसेटवर भरून घेतलेली धून पेटीवर वाजवताना सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये येत असेल तर कानाला दोष देऊ नका. २४ फ्रेमचा सिनेमा २५ फ्रेमच्या प्रक्षेपणात तसाच पळवला की तो सुमारे चार टक्के वेगाने जातो आणि सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वर चढतो. काळी एक धरा किंवा पांढरी दोन, जुळणार नाही. कॅसेटचा वेग तेवढाच कमी करा, मग लावा पेटी.