बॅरी सँडर्सची कंबर आणि पाव सेकंद

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार, पहाटेचे पाच. अमेरिकेत अजून रविवारची संध्याकाळ होती आणि न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुरू होत होता. मी पुण्यात चहा घेऊन टीव्हीसमोर बसलो होतो आणि फोनवर न्यू जर्सीतला मावसभाऊ होता. त्याच्या फिलाडेल्फिया ईगल्सनी सामना ४०-२२ असा जिंकला आणि त्याने लगेच निकाल देऊन टाकला: अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक म्हणजे ईगल्सचा सेक्वॉन बार्कली. पुरावाही तयार होता. साखळी सामन्यांत २,००५ यार्ड, बाद फेरी धरून २,५०४. एका हंगामात एवढी मजल आजवर कुणीही मारलेली नाही.

आकडा खरा आहे, पण निकाल मला पटला नाही. माझं मत डेट्रॉइटच्या बॅरी सँडर्सला. तेव्हापासून आमचा वाद चालू आहे आणि त्यात माझ्या बाजूने सगळ्यात जास्त कामाला आला आहे तो न्यूटन.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरच्या थोडं वर, पुढे सरकायचं असतं. क्वार्टरबॅक एक तर चेंडू फेकतो, नाहीतर मागे उभ्या असलेल्या गड्याच्या हातात देतो. हा गडी म्हणजे रनिंग बॅक. तो चेंडू पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसतो आणि अकरा जण त्याला जमिनीवर आडवं करायला धावतात. तो पाडला जाईपर्यंत जितकं अंतर पुढे गेला, तितके यार्ड त्याच्या नावावर लागतात.

या यार्डांच्या तक्त्यात पहिला एमिट स्मिथ, १८,३५५. दुसरा वॉल्टर पेटन, १६,७२६. चौथ्या जागेवर बॅरी सँडर्सचे १५,२६९ आणि बरंच खाली जिम ब्राउनचे १२,३१२. पण स्मिथ पंधरा हंगाम खेळला, सँडर्स दहा, ब्राउन नऊ. ब्राउनच्या सुरुवातीच्या वर्षांत हंगामात बाराच सामने असत, पुढे चौदा झाले, १९७८ पासून सोळा आणि २०२१ पासून सतरा. दर धावेमागे सरासरी काढली तर ब्राउन ५.२ यार्ड, सँडर्स ५.०, पेटन ४.४, स्मिथ ४.२. शिवाय यार्ड एकट्याचे नसतात. पुढचे पाच धिप्पाड गडी वाट मोकळी करून देतात, आणि डॅलसमध्ये स्मिथच्या पुढे जी फळी होती तशी डेट्रॉइटमध्ये सँडर्सला क्वचितच मिळाली. म्हणून तक्ता बाजूला ठेवून मी एकच प्रश्न घेतो: समोर एकटा बचावपटू उभा आहे, मोकळं मैदान आहे, तर त्याला चुकवण्यात कोण सरस?

१९९४ मधली एक धाव पाहा. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स. सँडर्स गर्दीतून बाहेर आला आहे आणि त्याच्या वाटेत एकच बचावपटू उरला आहे. सँडर्स एका बाजूला पाऊल टाकतो, दुसऱ्या बाजूला निघतो. बचावपटू स्वतःभोवतीच गरकन फिरतो आणि सँडर्स त्याला बोटही न लावता निघून जातो. धक्का नाही, झटापट नाही. ही चित्रफीत मी एकेक चौकट पुढे सरकवत कितीदा पाहिली याची गणती नाही, आणि दर वेळी आनंद तितकाच होतो.

दिशा बदलणं म्हणजे वेग बदलणं, हे आपण नववीत शिकलो आहोत. वेगाला दिशा असते. समजा, सँडर्स सेकंदाला ५ मीटर वेगाने सरळ धावतो आहे आणि तितक्याच वेगाने उजवीकडे ६० अंशांत वळायचं आहे. आधीचा आणि नंतरचा वेग दाखवणारे दोन बाण एकाच बिंदूतून काढा आणि त्यांची टोकं जोडा. समभुज त्रिकोण होतो. म्हणजे वेगातला बदलही सेकंदाला ५ मीटरच. सँडर्सचं वजन ९२ किलो, तेव्हा संवेगातला बदल ९२ गुणिले ५, म्हणजे ४६०. हा बदल घडवायचा कुणी? जमिनीने. धावणारा स्वतःला वळवू शकत नाही. तो जमिनीला ढकलतो आणि जमीन त्याला उलट ढकलते. पाऊल जमिनीवर साधारण पाचवा हिस्सा सेकंद टेकतं असं धरू. टीव्हीच्या तीस चौकटींच्या सेकंदात या फक्त सहा चौकटी. ४६० ला ०.२ ने भागा: २,३०० न्यूटन. त्याच्या वजनाच्या अडीचपट बल, तेही आडवं!

आडवं बल घर्षणातून येतं आणि घर्षणाला मर्यादा असते. पाऊल टेकलेलं असताना जमीन त्याला वर उचलणारं बलही देते, ते वजनाच्या दीडपट-दुप्पट असतं. आडवं अडीचपट आणि उभं दुप्पट, म्हणजे घर्षणांक सव्वा हवा. सपाट बुटाने गवतावर हे होणार नाही, पाय सटकेल. म्हणून बुटाच्या तळाला खुंट्या असतात, त्या मातीत रुततात आणि घर्षणाच्या जोडीला माती स्वतः अडसर होते. तरीही एका पावलात हे वळण जेमतेमच. दोन पावलांत विभागलं तर प्रत्येक पावलावर वजनाच्या सव्वापटीच्या थोडं वर बल लागतं, ते जमण्यासारखं आहे.

आता त्रिकोणाची तिसरी बाजू नीट पाहा. ती नुसती आडवी नाही, थोडी मागे झुकलेली आहे. उजवीकडे वळताना जमिनीने खेळाडूला उजवीकडे आणि किंचित मागे ढकलायला हवं. त्यासाठी डावं पाऊल शरीराच्या डावीकडे आणि थोडं पुढे पडावं लागतं. शिवाय जमिनीच्या बलाची रेषा गुरुत्वमध्यातून गेली पाहिजे, नाहीतर शरीर कलंडेल. म्हणून पाय तिरका, धड आत कललेलं, गुडघा वाकलेला आणि कंबर खाली, असा आकार आपोआप तयार होतो.

इथे ठेंगण्या माणसाचा फायदा सुरू होतो. सँडर्स १७३ सेंटिमीटर, ब्राउन १८८ सेंटिमीटर आणि १०५ किलो. स्नायूचं बल त्याच्या काटछेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं, वजन मात्र घनफळावर. गॅलिलिओने हाडांबद्दल मांडलेलाच हा मुद्दा आहे: आकार वाढतो तसं वजन ताकदीच्या पुढे पळतं. या हिशेबाने दर किलोमागे ब्राउनच्या पायांचं बल सुमारे ८ टक्के कमी भरतं. आणि पाय झटकन बाहेर टाकायला जे आड येतं ते जडत्व आघूर्ण. ते वस्तुमान गुणिले लांबीच्या वर्गाने वाढतं. १०५ भागिले ९२ म्हणजे १.१४, उंचीच्या गुणोत्तराचा वर्ग १.१८, गुणाकार १.३५. पाय फिरवायला ब्राउनला ढोबळमानाने एक तृतीयांश जास्त अडथळा. हा हिशेब ढोबळ आहे, प्रत्येकाच्या शरीराची ठेवण वेगळी असते, पण दिशा बरोबर दाखवतो. ब्राउनची ताकद दुसरीकडे होती. १०५ किलो पूर्ण वेगाने अंगावर आले की अडवणाऱ्यालाच मागे जावं लागे. नऊपैकी आठ हंगामांत तो यार्डांत पहिला होता. त्याला बगल द्यायची गरजच कमी पडे.

पण वळणं ही अर्धीच गोष्ट. बचावपटूही वळू शकतो, मग तो फसतो का?

एक प्रयोग आत्ता घरात करून पाहा. उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड भिंतीला चिकटवून उभे राहा. आता डावं पाऊल उचला. उचलता येत नाही, तोल जातो. एका पायावर उभं राहायचं तर गुरुत्वमध्य त्या पायावर न्यावा लागतो आणि भिंत तो जाऊ देत नाही. हात, डोकं, खांदे कुठेही हलवता येतात. गुरुत्वमध्य हलवायला जमिनीचं बल आणि वेळ लागतो. तो असतो बेंबीच्या जरा खाली, कंबरेत. म्हणूनच प्रशिक्षक बचावपटूंना बजावतात: त्याच्या डोळ्यांकडे बघू नका, कंबरेकडे बघा.

सँडर्सची खुबी अशी की डावीकडे हूल द्यायला त्याला डावं पाऊल बाहेर टाकावं लागतं आणि उजवीकडे निसटायलाही तेच डावं पाऊल बाहेर टाकावं लागतं. हूल आणि खरी चाल, दोन्हींची सुरुवात एकच! खांदे डावीकडे गेले आहेत, पाऊल डावीकडे गेलं आहे, कंबर मात्र मधोमध आहे. पाय जमिनीला ढकलायला लागेपर्यंत तो कुठे जाणार हे सांगणारी खूण फक्त त्या कंबरेत असते, आणि तिचा फरक काही सेंटिमीटरचा.

बचावपटूच्या डोळ्याने ते टिपलं तरी स्नायूंपर्यंत हुकूम पोहोचायला किमान पाचवा हिस्सा सेकंद जातो. दोन शक्यतांमधून निवड करायची असेल तर त्याहून जास्त. पाव सेकंद धरा. सेकंदाला ६ मीटर वेगाने धावणारा बचावपटू तेवढ्यात दीड मीटर चुकीच्या दिशेने गेलेला असतो. खो-खो खेळलेल्यांना हे पटकन कळेल. तिथे पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तीच ठेवावी लागते, असा नियमच आहे. इथे तोच नियम मज्जासंस्था लावते, पाव सेकंदापुरता.

त्यातही एक जास्तीची गोम आहे आणि माझ्या मते सँडर्सचं सगळं मोठेपण तिच्यात आहे. एका खुणेला उत्तर देण्याच्या तयारीत असलेल्या मेंदूला लगेच दुसरी खूण मिळाली, तर दुसऱ्या खुणेचं उत्तर नेहमीपेक्षा उशिरा येतं. पहिलं काम हातावेगळं होईपर्यंत दुसरं दाराबाहेर थांबतं. मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. पहिली हूल दिल्यावर पाव सेकंदाच्या आत दुसरी हालचाल केली, तर बचावपटूला ती दिसते पण त्याचं शरीर पहिलीलाच उत्तर देत राहतं. न्यू इंग्लंडचा तो गडी स्वतःभोवती फिरला, त्याचं कारण मला हे वाटतं. उशिरा दुसरी हालचाल केली तर उपयोग नाही, फार लवकर केली तर पहिली हूल नोंदलीच जात नाही. मधली फट अगदी अरुंद आहे आणि सँडर्सला ती अंगात भिनल्यासारखी सापडायची. रग्बी खेळाडूंवरच्या प्रयोगांत असंही दिसलं की मुरलेले खेळाडू नवख्यांपेक्षा हुलीला कमी फसतात. सँडर्ससमोर तर जगातले सगळ्यात मुरलेले उभे असत!

त्याच्या वळणात आणखी एक गोष्ट नजरेत भरते: वळण्याआधी तो वेग कमी करतो. ४० यार्डांची सरळ शर्यत किती सेकंदांत मारली यावर तरुण खेळाडूंचं भवितव्य ठरवणाऱ्या सगळ्या गाजावाजाला हे उत्तर आहे. मिळणारं बल तेवढंच असेल तर वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने बदलते. वेग निम्मा केला की त्रिज्या चौथा हिस्सा. निसर्गात हे फार जुनं आहे. बोट्स्वानात चित्ते आणि इम्पाला हरणांच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांच्या धावा मोजणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पळ काढणाऱ्या हरणासाठी सर्वोच्च वेग हा उत्तम डाव नसतो. मध्यम वेग ठेवून अगदी शेवटच्या क्षणी वळलं तर निसटण्याचे पर्याय जास्त उरतात, असं त्यातून दिसलं. चित्ता वेगवान आणि ताकदवान असूनही पुष्कळदा उपाशी राहतो तो यामुळे.

या वळणांची किंमत गुडघा देतो. पाऊल रोवलेलं, गुडघा वाकलेला आणि वरचं शरीर फिरतंय, अशा क्षणी गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध कुणी हात न लावताही तुटू शकतो. गेल सेयर्स या रनिंग बॅकच्या चपळाईला १९६८ च्या गुडघ्याच्या दुखापतीने ग्रहण लागलं. एड्रियन पीटरसनचा अस्थिबंध डिसेंबर २०११ मध्ये फाटला. शस्त्रक्रियेनंतर पुढच्याच हंगामात त्याने २,०९७ यार्ड केले, साखळी सामन्यांतल्या एरिक डिकरसनच्या १९८४ मधल्या २,१०५ च्या विक्रमापासून फक्त आठ मागे.

दुखापतीचा विषय निघाला की मावसभाऊ ‘मॅडनचा शाप’ काढतो. मॅडन या व्हिडिओ गेमच्या वेष्टनावर ज्याचा फोटो येतो त्याचं पुढचं वर्ष वाईट जातं, असा समज अमेरिकेत पक्का आहे. शॉन अलेक्झांडरचं उदाहरण हमखास देतात: २००५ मध्ये १,८८० यार्ड, मग वेष्टनावर फोटो आणि २००६ मध्ये पायाचं हाड मोडलं. यात शाप कसलाच नाही. फोटो त्याचाच येतो ज्याचं वर्ष असाधारण गेलं, आणि असाधारण वर्षानंतरचं वर्ष बहुतेकदा सरासरीकडे सरकतं. त्यात या जागेवर खेळणाऱ्याला दर हंगामात शेकडो वेळा पाडलं जातं. शिकलेली माणसं हा शाप गंभीरपणे सांगतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण खेळाडूच्या शरीराने सोसलेल्या माराचा हिशेब त्यात झाकला जातो.

सँडर्सच्या विरोधातला मुद्दाही खरा आहे आणि तो मला मान्य आहे. सरळ घुसून दोन यार्ड घ्यायचे तिथे तो वाट शोधत नाचायचा आणि कित्येकदा मागेच पकडला जायचा. अगदी थोडं अंतर हवं असेल तेव्हा मी चेंडू स्मिथच्या हातात देईन. पेटनसारखं सगळं येणारा आणि तेरा हंगामांत एकच सामना चुकवणारा खेळाडू तर कुणालाही हवासा वाटेल. पण एका माणसाने दुसऱ्याला मोकळ्या मैदानात चुकवणं हा या कामाचा गाभा धरला, तर माझं मत सँडर्सला.

जुलै १९९९ मध्ये, नुकतीच एकतिशी गाठलेली असताना, त्याने आपल्या गावच्या वृत्तपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. एकूण यार्डांचा विक्रम तेव्हा पेटनच्या नावावर होता आणि तो सँडर्सपासून १,४५७ यार्डच दूर होता, म्हणजे त्याच्या एका हंगामाचं काम. मावसभावाला हे कधीच समजलेलं नाही. त्याला मी १९८९ चा शेवटचा सामना सांगतो. सँडर्सचं ते पहिलं वर्ष. सामना जिंकल्यात जमा होता आणि यार्डांत देशात पहिला यायला त्याला थोडेच हवे होते. प्रशिक्षकाने विचारलं, जातोस का परत मैदानात? तो नको म्हणाला आणि बाकावर बसून राहिला. त्या वर्षीच्या तक्त्यात ख्रिश्चन ओकोये १,४८० यार्डांसह पहिला आहे, सँडर्स १,४७० सह दुसरा.