सरफेस हॉपिंग आणि एरेनफेस्ट: उडी की सरासरी?

सरफेस हॉपिंग आणि एरेनफेस्ट या रेणूंची हालचाल संगणकावर उलगडायच्या दोन पद्धती. दोन्हींत अणुकेंद्रं न्यूटनच्या नियमांनी धावतात आणि इलेक्ट्रॉन श्रोडिंगरच्या समीकरणाने. त्यामुळे नवखी मंडळी दोन्ही पद्धती एकाच माळेत ओवतात. केंद्रांना ढकलणारं बल कुठून घ्यायचं, एवढाच काय तो फरक. पण खरी गोम तिथेच आहे.

वायुरूप सोडियम आयोडाइड घ्या. १९८० च्या दशकाअखेर कॅलटेकमध्ये रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवैल यांच्या गटाने फेम्टोसेकंद (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) लेसरने त्याचा पाठलाग केला. प्रकाश पडला की रेणू सहसंयुज अवस्थेत (अणूंवर विद्युतभार नसलेल्या) जातो आणि ताणला जातो. अणूंमधलं अंतर सुमारे ७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जांवा भाग) झालं, की आयनिक (अणू भारित असलेल्या) आणि सहसंयुज अवस्थांचे ऊर्जेचे वक्र एकमेकांना भिडतात. इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहून केंद्रांमागोमाग चालतात, हे बॉर्न-ओपेनहायमर यांचं १९२७ सालचं गृहीतक या नाक्यावर ढिलं पडतं. दर खेपेला साधारण दहातला एक रेणू तुटून सुटतो. बाकीचे आयन होऊन मागे फिरतात आणि सव्वा पिकोसेकंदाने (साडेबाराशे फेम्टोसेकंदांनी) परत तिथेच हजर!

एरेनफेस्टमध्ये रेणूचे पाय दोन डगरींवर. नाका ओलांडल्यावर त्याच्यावर बल लागतं ते नऊ हिस्से आयनिक, एक हिस्सा सहसंयुज असं मिसळलेलं. एवढी ओढ त्याला परत खेचायला पुरते, म्हणजे या खेपेला कुणीच तुटत नाही. सरासरी बरोबर, रसायन चूक.

सरफेस हॉपिंगमध्ये रेणू कोणत्याही क्षणी एकाच अवस्थेवर असतो. रसायनशास्त्रज्ञ जॉन टली यांच्या १९९० च्या रीतीत दर पावलाला उडीची शक्यता काढतात, यादृच्छिक आकडा टाकतात, आणि उडी पडलीच तर एकूण ऊर्जा कायम राहील असा वेग बदलतात. वर उडायला गतिज ऊर्जा कमी पडली तर उडी नामंजूर. अशा शेकडो ट्रॅजेक्टरी (रेणूच्या प्रवासाच्या वाटा) चालवल्या की काही सुटतात, बहुतेक परततात.

ही पद्धतही धुतल्या तांदळासारखी नाही. रेणू एका वाटेने दूर गेला तरी इलेक्ट्रॉनचं गणित दुसऱ्या वाटेची आठवण धरून बसतं. आपला रेणू पुन्हा पुन्हा त्याच नाक्यावर येणारा, त्यामुळे ही शिळी आठवण पुढच्या उडीचे आकडे बिघडवते. त्यावर डीकोहेरन्सची, म्हणजे ही आठवण पुसायची, दुरुस्ती लावतात. माझ्या मते ती न लावता आकडे छापूच नयेत.

धातूसारख्या ठिकाणी अवस्था खेटून असतात, तिथे उड्या मोजत बसण्यापेक्षा एरेनफेस्ट परवडतं. बंध तुटणार की टिकणार हा प्रश्न असेल, तर मी ते उघडतही नाही.