बाप अबोल, म्हणून देवही दूर?

‘ज्याचा बाप तुटक, त्याला स्वर्गातला पिताही तुटकच वाटणार’ हे पुण्यातल्या ख्रिस्ती प्रार्थना-गटांत इतकं सर्रास ऐकू येतं की लोक त्याला शास्त्रवचनच समजतात. तसं ते नाही. देव म्हणजे मोठा करून पाहिलेला बाप, हे मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१३ मध्ये मांडलं होतं.

परिणाम होतो, हे खरंच. खडकीच्या कारखान्यातून येऊन रिकामा डबा ओट्यावर ठेवणारा, प्रगतिपुस्तकावर एक शब्द न बोलता सही करणारा बाप ज्याने पाहिला, त्याचा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना घसा अडतो. पण म्हणून ते कायमचं ठरत नाही. देवाची प्रतिमा आईसह अनेक जवळच्या माणसांपासून घडते आणि आयुष्यभर बदलू शकते, असं मानसोपचारतज्ज्ञ आना-मारिया रिझुटो यांनी १९७९ मध्ये मांडलं.

आणि बायबल? स्तोत्र २७ म्हणतं, आईबापांनी टाकलं तरी परमेश्वर जवळ करील. यशया ६६ मध्ये तो आईसारखं सांत्वन करतो. आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताला माउलीच मानलं.

तेव्हा ‘आधी वडिलांना क्षमा कर, मगच देव भेटेल’ असं कृपा करून कुणावर लादू नका. ज्याला ‘पित्या’ म्हणवत नाही, त्याने ‘मेंढपाळा’ म्हणून हाक मारावी; स्तोत्र २३ ची सुरुवातही तिथूनच होते.